मागून पैलवान

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, २२ जानेवारी १९७५

चि. नागप्पास अक्काचे आशीर्वाद.

सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा पार पडली. नंदीध्वज पाहिले, तुझ्या नावानेही विभूती लावून आले. यांच्या डोळ्यांवरची पट्टी निघाली. पण डॉक्टर म्हणाले, आता गाडीला हात लावायचा नाही. हे घरी आल्यावर किल्ली ज्या खिळ्याला असायची त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत बसले. म्हणून म्हणते, गाडी तुझ्याकडे अकलूजला नेलीस ते बरंच झालं. नुसती उभी राहून गंजली असती. गिरणीच्या साहेबाने विलायतेला जाताना यांना विश्वासाने दिलेली वस्तू आहे, हे मात्र ध्यानात ठेव.

आता मुख्य काम. चन्नम्माला आठवा लागतोय. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. अमावास्या झाल्यावरचा सोमवार, १७ फेब्रुवारी, चांगला आहे. तिच्या सासरी वाडीला जाऊन तिला आपल्या गाडीतून सावकाश घेऊन ये. एवढ्या लांब एस.टी.त उभ्याने येण्यापेक्षा घरची गाडी बरी. हवा, पाणी, ब्रेक आधीच बघून ठेव. टेंभुर्णीच्या अलीकडे पुलाला लागताना ते वाकडं वळण आहे, तिथे माझा जीव तुझ्या हातात आहे असं समज.

पत्र दोन्ही बाजूंनी लिहिते आहे, अक्षर लागत नसेल तर उजेडात धर.

तुझी,
सुंदरअक्का


अकलूज, २७ जानेवारी

ती. अक्कास नागप्पाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. दाजींनाबी.

पत्र पोचलं. सोमवार पक्का. तू कायबी काळजी करू नगो. कारखान्यात काट्यावर माझ्या हाताखालनं रोज उसाच्या गाड्या जात्यात, एक चन्नी मला जड हाय व्हय?

परवा वाडीला जाऊन आलो. पण अक्का, एक सांगतो. गाडी दारात थांबली आन विहीणबाई, सिद्धम्मा, उंबऱ्यावर येऊन तोंडाला पदर लावून हसल्या. म्हनल्या, "पावनं, ही गाडी हाय का खेळनं? ह्यातनं आमची सून न्हेनार?" गल्लीतली मानसं फिदीफिदी हसली. एक म्हातारा म्हनला, "मागनं शेळीवानी दिसतीया." मी च्या न पिता उठलो. आपल्या पोरीच्या दारात आपलं हसं झालं, ते मला लई लागलं.

म्हनून गाडीत थोडी सुधारना केलीया. आता कोन हसतंय बघू.

दाजींना एवढं इचार, मागच्या चाकात हवा किती मारायची? चाक जरा रुंद असंल तर?

तुझा,
नागप्पा


वाडी, ३० जानेवारी

ती. सौ. आईस चन्नम्माचा नमस्कार.

मी बरी आहे. पायांवर थोडी सूज आहे, पण सासूबाई कोमट पाण्यात पाय ठेवायला लावतात. बाळ रात्रंदिवस लाथा मारतं. जेवण जातं.

मामा काल पुन्हा आला होता. आई, आपली गाडी तू ओळखणार नाहीस! मागे इतकी जाड चाकं लावली आहेत की मडगार्डच्या बाहेर चार बोटं येतात. पुढून वासरू आणि मागून पैलवान. गल्लीतली पोरं धावत मागे गेली. मामा खूश.

फक्त जाताना गोठ्यापाशी वळवली तेव्हा गाडी वळलीच नाही. मामाने चाक पूर्ण फिरवलं होतं, मी ओसरीवरून बघत होते, पुढची चाकं वाकडी झालेली दिसत होती, तरी गाडी सरळ जाऊन गोठ्याच्या भिंतीला टेकली. पांढऱ्या मातीची भिंत होती, ढासळली. मामाच्या कपाळाला खोक पडली. सासूबाईंनी हळद दाबली. मामा म्हणाला, "शेणावरनं घसरली." पण तिथे शेण नव्हतं आई, सकाळीच मी सारवलं होतं.

मी हे लिहिलं असं मामाला सांगू नकोस.

तुझी,
चन्नी


सोलापूर, ३ फेब्रुवारी

नागप्पा,

आशीर्वाद शेवटी देईन.

हवा किती मारायची विचारतोस. आधी हे सांग, चाकं कोणाला विचारून बदललीस? मला कुणी कळवलं ते विचारू नको. सोलापूर आणि अकलूज यांच्यात रोज दहा एस.टी. येतात-जातात आणि त्यांत माणसं असतात.

तुला या गाडीची पूजा आठवते का? देवळासमोर आपण चारही चाकांखाली लिंबं ठेवली होती. तू नारळ फोडत होतास, तुझं लक्ष नव्हतं. मी लिंबांकडेच बघत होते, कारण लिंबू न फुटता घरंगळलं तर अशुभ म्हणतात. साहेबाच्या ड्रायव्हरने गाडी हलवली तेव्हा मागची दोन लिंबं जागच्या जागी चिरडली. पुढची दोन मात्र चाकांनी मागे भिरकावली, एक यांच्या धोतराला येऊन लागलं. हे म्हणाले, "साहेबानं सांगितलं होतं ते खरं आहे. ही गाडी पुढच्या चाकांनी ओढते, मागची नुसती पाठोपाठ येतात." तेव्हा आपण सगळे हसलो होतो.

आता मला सांग, ओढणारं पुढे आहे, वळणारंही पुढेच आहे, आणि तू खुराक घातलास मागच्याला. कुंभारीच्या घरची आपली म्हैस आठव. तळ्यात मागचे पाय रोवून उभी राहिली की बाबा वेसण धरून डोकं वळवायचे. डोकं वळायचं, म्हैस नाही वळायची. तू आपल्या गाडीची तशी म्हैस केलीस. मागच्याने जमीन घट्ट धरली, मग पुढच्याने वळायचं कसं?

ती चाकं काढ. जुनी लाव. मग आशीर्वाद.

अक्का


अकलूज, ८ फेब्रुवारी

ती. अक्का,

तुझं पत्र वाचून दोन दीस घास गेला न्हाय. मी काय शत्रू हाय का?

तू मॅट्रिक, मी सातवी नापास, कबूल. पण आमच्या हितं येऊन बघ. सगळ्या शिवारात ट्रॅक्टर चालत्यात. पुढं बारकी चाकं, मागं मानसाएवढी. जोर कुटं हाय? मागं! चिखलातनं टरारा ऊस ओढून काढतंय. लिंबाचं म्हनशील तर लिंबू कुटंबी उडतंय. ज्या फिटरनं चाकं केली, रिम भंगारातनं आनून, मधली तबकडी कापून, वेल्डिंग मारून, त्यो गेली बारा वर्सं ट्रॅक्टर दुरुस्त करतोय. त्यानंबी मान डोलावली.

गोठ्याची भिंत आडवी आली, त्याला मी काय करू?

आन अक्का, तुला एक कळत न्हाय. गाडी येती तवा मानसं नमस्कार-चमत्कारात असत्यात, तिच्याकडं कोनी बघत न्हाय. गाडी जाती तवा मातूर समदा गाव उभा ऱ्हाऊन मागनं बघत असतो. पोरगी माहेरी निघाली तवा मागनं जे दिसंल तेच गावाच्या ध्यानात ऱ्हानार. चन्नीला तिथं जन्म काढायचाय. तिच्या पाठीमागं कोनी हसू नये, एवढंच माझं म्हननं.

पेट्रोल जरा जास्त पितीया, खोटं कशाला बोलू. आन मागनं थोडा आवाज येतो. रुळंल.

नागप्पा


सोलापूर, १२ फेब्रुवारी

नागप्पा,

पत्र यांना वाचून दाखवलं. हे मग म्हणाले, "त्याला लिही, ट्रॅक्टरचा जोर मागच्या चाकात असतो म्हणून मागची मोठी. आपल्या गाडीचा जोर पुढे आहे. ट्रॅक्टरवर गर्भार बाईला बसवून पुलावरून कुणी नेत नाही." एवढं बोलून डोळे मिटून पडले. अलीकडे हे रागावत नाहीत, त्याचीच मला भीती वाटते.

आवाज येतो म्हणतोस. कसला आवाज? तू एकटा बसतोस तेव्हा येतो, मग मागे माणसं बसल्यावर काय होईल? चार बोटं बाहेर आलेलं चाक, वर माणसांचं वजन, ते मडगार्डला घासणार नाही का? एवढा साधा हिशोब मला चुलीपुढे बसून कळतो.

चन्नीच्या पाठीमागे कुणी हसू नये म्हणतोस. तुझं मन मला कळतं रे. पण माझी लेक त्या गाडीत मागे बसणार आहे, गाव मागे बसणार नाही.

माझा शेवटचा शब्द ऐक. जुनी चाकं असतील तर गाडी आण. नसतील तर एस.टी.ने आण. तेही जमत नसेल तर मी स्वतः येते आणि तिला घेऊन जाते. उलट टपाली कळव.

अक्का


(पोस्टकार्ड)
अकलूज, १४ फेब्रुवारी

अक्का, तू येऊ नगो. एस.टी.चं विहीणबाईंनी साफ मोडून काढलं. "आठव्यात धक्के नगोत" म्हनल्या. गाडी सोमवारी सकाळी वाडीतनं निघंल, दुपारी जेवायला सोलापुरात. चाकं हायत तीच ऱ्हातील. गाडी आनीन असा विहीणबाईंना शब्द देऊन बसलोय. नागप्पा.


सोलापूर, सोमवार १७ फेब्रुवारी, दुपार

नागप्पा,

हे टपालात टाकायचं नाही. तू दारात आलास की तुझ्या हातात ठेवायचं. तोंडाने बोलायला लागले तर शेजारीपाजारी गोळा होतील.

तुझं कार्ड आज सकाळी दहाला पोचलं. वाचलं तेव्हा तुम्ही निघून गेलेले. आता तार करून तरी काय?

स्वयंपाक झाला. शेंगाची चटणी, तिला आवडते तशी. हुरड्याच्या कण्या. झाकून ठेवलं आहे. हे ओसरीवर खुर्ची टाकून बसलेत, दूरचं काही दिसत नाही, पण प्रत्येक गाडीच्या आवाजाला मान वळवतात. मघाशी म्हणाले, "ही नव्हे." पुन्हा एक गेली. "ही पण नव्हे."

देवापुढे नंदादीप लावला आहे. नवस बोलायला बसले. काय मागू? गाडी वळू दे, असं कुणी कधी देवाकडे मागितलं असेल का? मी मागितलं. सिद्धरामा, त्या पुलापाशी गाडी वळू दे.

जेवणवेळ टळून गेली. कण्या थिजल्या. गल्लीतली चांदबी विचारून गेली, "पोरगी आयी क्या, अम्मा?" म्हटलं, येतेय.

नागू, तुला मी अंगाखांद्यावर वाढवलं. आज जर काही

हॉर्न


अकलूज, २५ फेब्रुवारी

ती. अक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

त्या दिवशी तू चन्नीला उतरवलंस, मग गाडीच्या मागं जाऊन उभी ऱ्हायलीस. बारकी चाकं बघितलीस. माझ्याकडं बघितलंस. एक शब्द बोलली न्हाईस, पानी दिलंस फकस्त.  चन्नीनं थोडं सांगितलं असंल. समदं मीच लिवतो.

कार्ड टाकलं शुक्रवारी. शनवारी काय सुचंना. तुझं लिंबू डोक्यातनं जाईना. संध्याकाळी फिटरच्या अंगनात चार लिंबं ठिवली आन गाडी हलवली. मागची चिरडली. पुढचं एक थेट मागं उकिडवं बसून बघनाऱ्या फिटरच्या छातीवर बसलं. त्यो म्हनला, "आयला!" आन आमी दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो.

तरी मला वाटलं, बघू तरी. मागच्या सीटवर ज्वारीची पोती टाकली आन पुलाच्या वळनावर घेऊन गेलो. चाक वळवलं. अक्का, नाक सरळच गेलं. मागनं कोनीतरी ढकलल्यावानी. रस्त्याच्या कडंला ऊस हुता म्हनून हितं बसून लिवतोय. चार पावलं पुढं पूल हाय. ज्या जाग्यावर पोती हुती, तिथं चन्नी बसनार हुती. मी उसात बसून रडलो, दुसरं काय.

पर गावाची लाज सुटंना. मनात आखलं, वाडीतनं जाड चाकांनी निघायचं, गावानं मागनं बघितलं की झालं, वेशीबाहेर बाभळीखाली चाकं बदलायची. जुन्यातलं एक डिक्कीत, एक माझ्या शेजारच्या सीटवर, वर चादर टाकून. चन्नीलाबी सांगितलं न्हाय.

सोमवारी समदा गाव दारात. कोनी हसलं न्हाय. आन निघताना सिद्धम्मा म्हनल्या, "थांबा पावनं. सून बाळंतपनाला निघाली की वेशीच्या मारुतीपुढं सासूनं नारळ फोडायचा, ही आमची रीत. मी वेशीपतूर येते." आन चन्नीशेजारी मागं बसल्या. तू त्यांना बघितलंयस. बाई अंगानं भरलेली. गाडी मागनं बसली, आन चाक मडगार्डला लागलं. करकर करकर. रबर जळल्याचा वास. त्या वराडल्या, "थांबवा!"

उतरल्या. वाकून चाक बघितलं. मग शेजारच्या सीटवरची चादर काढली, खालचं बारकं चाक दिसलं. माझ्याकडं बघून म्हनल्या, "हे काय हो, पावनं?"

मी म्हनलं, "तुमी हसला म्हनून केलं."

"मी कवा हसले?"

"गाडीला खेळनं म्हनला. तोंडाला पदर लावून हसला."

त्यांनी कपाळावर हात मारला. "अवो, मी गाडीला न्हाय हसले. तुमी त्या बारक्या गाडीत बसला हुता, तुमचं गुडघं कानाला लागत हुतं, त्याला हसले! आन खेळनं म्हनले ते भ्यानं. एवढीशी गाडी माझ्या सुनंला सोलापुरापतूर न्हील का, ह्या भ्यानं. माझ्या धाकट्या लेकीचं पोर असंच आठव्यात, वाटंतच गेलं. जीपमधनं आनत हुतो. तुमाला काय ठावं?"

अक्का, मला वर बघवंना.

त्या म्हनल्या, "बघत काय बसलाय? काढा ती डफडी."

मी जॅक लावला. चन्नी मारुतीच्या पारावर बसली, ह्या तिच्या डोक्यावर छत्री धरून उभ्या. नट मातीत पडत हुतं, तर त्यांनी छत्री चन्नीच्या हातात दिली आन माझ्याम्होरं पदर पसरला. म्हनल्या, "हितं टाका." समदं नट पदरात घेऊन उभ्या ऱ्हायल्या, वटी भरल्यावानी. एकेक मला देत गेल्या. शेवटी नारळ फोडला. अर्धा चन्नीला, अर्धा मला. म्हनून उशीर झाला.

पुलाच्या वळनावर चन्नी म्हनली, "मामा, सावकाश." मी म्हनलं, "व्हय." गाडी वळली. एवढंच.

आता तू बोल. गप बसू नगो.

तुझा,
नागप्पा


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, ६ एप्रिल १९७५

चि. नागप्पास आशीर्वाद, मागचे राहिलेलेही धरून.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिन्याहून जास्त लागला. हातात लेखणी घेतली की तो ऊस डोळ्यांसमोर यायचा. तू वाचलास त्याबद्दल देवाला विभूती वाहिली, आणि तू मुद्दाम त्या वळणावर गेलास म्हणून मनात चार शिव्या दिल्या, दोन्ही एकाच दिवशी. त्या सोमवारी तुझ्या हातात ठेवायला लिहिलेलं पत्र मी चुलीत घातलं. त्यातलं तुला काही लागू पडत नव्हतं, आणि जे लागू पडलं असतं ते लिहून व्हायच्या आधीच तुझा हॉर्न वाजला.

चन्नम्मा काल पहाटे सुखरूप मोकळी झाली. मुलगी. नाक आपल्या बाबांचं. यांनी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, आणि म्हणाले, "एवढं मला दिसतं." वाडीला तार केली आहे.

ती जाड चाकं अजून घरी आहेत असं समजते. सांभाळू नकोस, भंगारातही टाकू नकोस. कारखान्यावर ऊस आणणाऱ्या एखाद्या बैलगाडीला लाव. तिथे ओढणारे पुढे आहेत हे सगळ्यांना उघड दिसतं, चाकांनी फक्त भार घ्यायचा. तिथे ती शोभतील, आणि मागून बघणाऱ्यालाही छान वाटेल.

नाव ठेवायला विहीणबाईंना गाडीतून घेऊन ये. कोण काय म्हणेल याचा विचार करू नकोस, आणि त्यांना मागे बसवू नकोस. संकोचतील, तरी आग्रह करून पुढे बसव. ओढणाऱ्या चाकांवर वजन असलेलं बरं.

तुझी,
सुंदरअक्का